पहिल्या क्रमांकाची गाडी बंद का केली : फोर्ड फिएस्टाचं प्रकरण

७ जुलै २०२३ रोजी जर्मनीतल्या कोलोन शहरातल्या कारखान्यातून फोर्डची शेवटची फिएस्टा बाहेर पडली. सत्तेचाळीस वर्षांत जगभरात दोन कोटी वीस लाखांहून जास्त फिएस्टा विकल्या गेल्या. ब्रिटनमध्ये तर आजवर या गाडीइतकी दुसरी कुठलीच गाडी खपलेली नाही. २००९ ते २०२० अशी सलग बारा वर्षं ती तिथल्या विक्रीच्या यादीत सगळ्यात वर होती. तेराव्या वर्षी ती पहिल्या दहांतूनही बाहेर गेली, चौदाव्या वर्षी बंद करण्याची घोषणा झाली आणि पंधराव्या वर्षी कारखान्यातली तिची ओळ थांबली.

न खपणारी गाडी बंद होते, त्यात नवल काहीच नाही. पण बारा वर्षं पहिला नंबर टिकवणारी गाडी इतक्या झटपट का जाते? गाड्या मोठ्या होत चालल्यात आणि लहान गाड्या दिसेनाशा होतायत, हा विषय निघाला की ‘लोकांनाच मोठी गाडी हवी’ असं म्हणून आपण मोकळे होतो. फिएस्टाचं प्रकरण मी मुद्दाम निवडलं, कारण तिच्या जागी आलेली प्यूमा ही गाडी तिच्याच सांगाड्यावर, तिच्याच कंपनीने, तिच्याच ग्राहकांसाठी बनवली. दोन्ही गाड्या शेजारी ठेवल्या की नेमकं काय बदललं आणि ते कुणाच्या फायद्याचं होतं, हे मापात दिसतं.

गाडी कशी जन्मली आणि कशी वाढली

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात लहान, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, मागे उघडणारं दार असलेल्या गाड्यांची लाट आली होती. फोर्डकडे त्या तोडीचं काहीच नव्हतं. १९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोल महागलं आणि ‘बॉबकॅट’ या नावाने आत चाललेल्या प्रकल्पाला घाई आली. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाजवळ अल्मुसाफेस इथे त्यासाठी नवा कारखाना उभारला गेला आणि १९७६ मध्ये फिएस्टा आली. नाव निवडलं कंपनीचे तेव्हाचे प्रमुख हेन्री फोर्ड दुसरे यांनी. ‘लहान गाडी म्हणजे लहान नफा’ या अर्थाचं जे वाक्य मोटारधंद्यात वर्षानुवर्षं सांगितलं जातं, तेही त्यांच्याच नावावर आहे. लहान गाडी काढायची की नाही याबद्दल कंपनीच्या मनात पहिल्या दिवसापासून धाकधूक होती, एवढं इथे लक्षात ठेवूया.

पहिली फिएस्टा ३.५७ मीटर लांब आणि १.५७ मीटर रुंद होती. २०१७ ची शेवटची पिढी ४.०४ मीटर लांब आणि १.७४ मीटर रुंद झाली. म्हणजे नाव तेच, वर्ग तोच, पण लांबीत जवळजवळ अर्धा मीटर आणि रुंदीत वीतभराला थोडंच कमी इतकी वाढ. हे एकट्या फिएस्टाचं नाही. फोक्सवॅगनची २०१७ ची पोलो त्याच कंपनीच्या १९७४ च्या पहिल्या गोल्फपेक्षा सुमारे ३५ सेंटिमीटर लांब आहे, आणि पोलो ही गोल्फची धाकटी बहीण.

या वाढीतला काही भाग चांगल्या कारणाने आलेला आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. दारात आडव्या धडकेसाठी पोलादी दांडे आले, पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग आल्या, बॉनेट आणि इंजिन यांच्यामध्ये मोकळी जागा सोडावी लागली, म्हणजे पायी चालणाऱ्याचं डोकं आदळलं तर पत्रा दबेल आणि खालचं लोखंड लागणार नाही. १९७६ ची फिएस्टा आज धडक चाचणीला उभी केली तर तिची काय गत होईल हे सांगायला नको. माझं म्हणणं एवढंच, की सुरक्षिततेपायी झालेली वाढ वेगळी आणि त्यानंतर झालेली वेगळी. फिएस्टाच्या शेवटच्या पिढीला २०१७ मध्ये युरो एनकॅप या धडक चाचण्या घेणाऱ्या युरोपीय संस्थेचे पाचही तारे मिळाले होते. चार मीटरच्या गाडीत माणूस नीट सुरक्षित राहू शकतो, हे त्या दिवशीच सिद्ध झालं होतं. त्यापुढची उंची आणि रुंदी दुसऱ्या कारणांनी आली.

एकच सांगाडा, दोन गाड्या

२०१९ मध्ये फोर्डने प्यूमा आणली. रुमानियातल्या क्रायोव्हा कारखान्यात बनणाऱ्या या गाडीच्या खाली फिएस्टाचाच प्लॅटफॉर्म आहे. तेच एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, पुढची चाकं फिरवण्याची तीच रचना. फक्त दोन चाकांमधलं अंतर साडेनऊ सेंटिमीटरने वाढवलं, अंग सात सेंटिमीटरने रुंद केलं, छत सहा-सात सेंटिमीटरने वर उचललं आणि लांबी ४.१९ मीटरवर नेली. वजन शंभर किलोंच्या आसपास वाढलं.

प्यूमाची डिकी उघडून बघण्यासारखी आहे. फिएस्टाच्या डिकीत सुमारे ३०० लिटर सामान बसायचं, प्यूमात ४५६ लिटर बसतं. तळाची फळी उचलली की खाली ८० लिटरचा एक खोल चौकोनी हौद लागतो. त्याच्या बुडाला चक्क बूच आहे. चिखलाने माखलेले बूट किंवा ओले कपडे आत टाकायचे, घरी आल्यावर पाण्याने धुवायचं आणि बूच काढून पाणी खाली सोडून द्यायचं. एखादं उंच रोपटं कुंडीसकट उभं नेता येतं. ज्याने हे सुचवलं त्याने लहान मुलं, कुत्रा आणि पाऊस या तिन्हींबरोबर दिवस काढले असणार. म्हणून मी प्यूमाला वाईट गाडी म्हणणार नाही. ती विचार करून बनवलेली, उपयोगी गाडी आहे. फिएस्टाला तिने मागे टाकलं ते उगाच नाही.

आता आकडे बघा. ब्रिटनमध्ये २०१५ साली १,३३,४३४ फिएस्टा विकल्या गेल्या होत्या. २०२० मध्ये, महामारीच्या वर्षी, ४९,१७४ विकून ती शेवटच्यांदा पहिली आली. २०२३ मध्ये पहिला नंबर प्यूमाचा होता आणि विक्री होती ४९,५९१. म्हणजे वरच्या पायरीवरची गाडी बदलली, पण त्या पायरीवर उभ्या असलेल्या गाड्यांची संख्या जवळजवळ तेवढीच राहिली. फिएस्टाची सुवर्णकाळातली विक्री प्यूमाने परत आणलेली नाही. पण कंपनीच्या नजरेतून बघितलं तर प्रत्येक गाडीमागे ग्राहक काही हजार पौंड जास्त देत होता आणि बनवण्याचा खर्च त्या मानाने फारसा वाढलेला नव्हता. घोडं पेंड खातं ते इथे.

कारखान्याचा हिशेब

ग्राहक गाडीची किंमत आकारावरून ठरवतो. मोठी दिसते म्हणजे महाग असणारच, असं आपण सगळेच मनात धरून चालतो. कारखान्यात खर्च मात्र आकाराने ठरत नाही. चार दारं लहान गाडीलाही लागतात आणि मोठ्या गाडीलाही. स्टिअरिंग एकच, ब्रेकचा संगणक एकच, एअरबॅगा तेवढ्याच, तारांचं जाळं थोडंफार तेवढंच. दार बसवायला कामगाराला लागणारा वेळ दार दहा सेंटिमीटर लांब असलं म्हणून वाढत नाही. चाचण्या, मंजुऱ्या, साचे यांचा खर्चही तसाच. गाडी वीस सेंटिमीटर लांब करायला जो जादा पत्रा लागतो, त्याची किंमत या सगळ्यापुढे किरकोळ आहे. त्यामुळे एकाच सांगाड्यावर एक ठेंगणी आणि एक उंच अशा दोन गाड्या काढल्या, तर उंच गाडीतला वरचा पैसा बहुतांशी नफाच असतो.

हे गणित पूर्वीही असंच होतं. मग लहान गाड्या इतकी वर्षं कशा टिकल्या? संख्येच्या जोरावर. एका गाडीमागे थोडं सुटलं तरी लाखो गाड्या विकल्या की साचे आणि आराखड्यांचा खर्च वाटला जायचा. फिएस्टाच्या बाबतीत ही संख्या दोन बाजूंनी कमी झाली, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात दुर्लक्षित धागा हाच आहे.

२००८ ची फिएस्टा फोर्डने जगभर एकच गाडी विकायची या धोरणातून आली होती आणि तिचा सांगाडा जपानच्या माझदा कंपनीच्या लहान गाडीबरोबर वाटून घेतलेला होता. त्याच वर्षी पैशाच्या ओढाताणीत फोर्डने माझदातला आपला ३३ टक्क्यांचा हिस्सा विकायला सुरुवात केली आणि २०१५ पर्यंत उरलासुरलाही विकून टाकला. पुढे एप्रिल २०१८ मध्ये कंपनीने जाहीर केलं की उत्तर अमेरिकेत मस्टँग सोडली तर जवळपास सगळ्याच बसक्या गाड्या ती हळूहळू बंद करणार. २०१७ ची नवी फिएस्टा अमेरिकेत गेलीच नाही. भागीदार गेला, मोठी बाजारपेठ गेली आणि एका लहान गाडीचा सगळा खर्च एकट्या युरोपच्या खांद्यावर आला.

तशातच २०२१ मध्ये चिपचा तुटवडा सुरू झाला. एका गाडीला लागणाऱ्या चिप लहान गाडीत ठेवल्या तर थोडं सुटतं, मोठ्या गाडीत ठेवल्या तर जास्त. मोजक्याच चिप हातात असताना कुठलाही कारखानदार काय करेल हे उघड आहे. ग्राहकाला फिएस्टासाठी थांबावं लागलं, तीन दारांचं मॉडेल २०२२ मध्ये काढून टाकलं आणि विक्री घसरली. मग घसरलेल्या विक्रीचा आकडा समोर ठेवून, मागणीच नाही असं म्हणणं सोपं झालं. मागणी कमी होत होती हे खरं. पण दुकानात माल नसणं आणि गिऱ्हाईक न येणं, यातला फरक त्या दोन वर्षांत कुणी नीट मोजला नाही.

चार आण्याची कोंबडी

नियमांबद्दल बोलताना मला जरा सांभाळून बोलावं लागतं, कारण धूर कमी करणारे आणि जीव वाचवणारे नियम मला हवे आहेत. दोष नियमाच्या हेतूत नाही. दोष ते कसे मोजले यात आहे.

युरोपीय संघाने कार्बन उत्सर्जनाची जी मर्यादा २०२० पासून लावली, ती सरसकट नव्हती. सरासरी ९५ ग्रॅम प्रति किलोमीटर हे लक्ष्य होतं, पण प्रत्येक कंपनीचं लक्ष्य तिच्या गाड्यांच्या सरासरी वजनावर ठरायचं. गाडी जड, तर सूट जास्त. सूत्रात एका किलोमागे ०.०३३३ ग्रॅम होते, म्हणजे तीनशे किलो जास्त वजनाला दहा ग्रॅमची मोकळीक. २०२४ पर्यंत हे सूत्र चाललं. गाडी हलकी करण्यात जी मेहनत जायची, तिचं फळ अशा रीतीने काही अंशी परत काढून घेतलं जायचं.

दंडाचंही तसंच. मर्यादेपेक्षा जास्त प्रत्येक ग्रॅमला, विकलेल्या प्रत्येक गाडीमागे ९५ युरो. गाडीच्या किमतीशी याचा संबंध नाही. समजा पाच ग्रॅम जास्त झाले, तर ४७५ युरो. बारा हजारांच्या गाडीत ही रक्कम चार टक्के होते, चाळीस हजारांच्या गाडीत जेमतेम सव्वा टक्का. लहान गाडीत नफाच मुळी चार टक्क्यांच्या आसपास असेल, तर तिचं काय उरतं?

सुरक्षेच्या नियमांतही घडलं ते हेच. जुलै २०२२ पासून नव्या मॉडेलांना आणि जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच नव्या गाड्यांना युरोपीय संघात आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, लेन सोडली तर सावरणारी यंत्रणा, वेगाची सूचना, पेंगणाऱ्या चालकाला जागं करणारी व्यवस्था, मागचं दाखवणारे सेन्सर किंवा कॅमेरा हे सगळं सक्तीचं झालं. कॅमेरा आणि रडार गाडीची लांबी बघून स्वस्त मिळत नाहीत. धूर स्वच्छ करणाऱ्या यंत्रणेचं तेच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी त्या सगळ्यात लहान वर्गाची अवस्था झाली. फिएस्टापेक्षाही लहान असलेली फोर्डची का-प्लस २०१९ मध्ये युरोपातून गेली. ओपेलच्या ॲडम आणि कार्ल त्याच वर्षी गेल्या. प्युजो १०८ आणि सिट्रोएन सी-१ त्यांच्यामागून गेल्या, २०२३ मध्ये फोक्सवॅगनची अप गेली. खालची पायरी निखळल्यावर फिएस्टा आपोआप सगळ्यात खालची पायरी झाली.

हप्त्याची भाषा

ब्रिटनमध्ये घरगुती वापरासाठी घेतलेल्या नव्या गाड्यांपैकी बहुतेक कर्जावर घेतल्या जातात आणि त्यातही एक विशिष्ट पद्धत फार रुळली आहे. तीन-चार वर्षांनी गाडीची किंमत किती राहील याचा अंदाज आधीच बांधतात. ग्राहक फक्त मधली घसरण आणि व्याज हप्त्यांनी भरतो आणि शेवटी बहुतेक वेळा गाडी परत देऊन नवी घेतो.

आता समजा एक लहान गाडी २०,००० पौंडांची आहे आणि तीन वर्षांनी तिचे १०,००० येतील. म्हणजे भरायचे १०,०००. दुसरी उंच गाडी २४,००० ची, पण उंच गाड्यांना जुन्या बाजारात मागणी आहे म्हणून तिचे १३,००० येतील. भरायचे ११,०००. दुकानातल्या पाटीवर चार हजारांचा फरक आहे, पण छत्तीस हप्त्यांत तो महिन्याला २८ पौंड होतो, वर थोडं जास्त व्याज. विक्रेता ग्राहकासमोर चार हजारांची भाषा करतच नाही. तो म्हणतो, महिन्याला तीसेक पौंड जास्त, आणि एवढी मोठी डिकी. अशा वेळी ‘लोकांनी मोठी गाडी निवडली’ हे वाक्य खरं असतं, पण निवड कशाकशातून होती तेही बघायला हवं.

नवी गाडी घेणारा माणूसही आता वयाने मोठा आहे. युरोपात त्याचं सरासरी वय पन्नाशीपुढे गेलं आहे. गुडघे दुखायला लागले की खाली वाकून बसण्यापेक्षा आसन कमरेच्या उंचीवर असणं फार मोलाचं वाटतं. हे मी अजिबात कमी लेखत नाही. पण याचा एक परिणाम ध्यानात घ्यायला हवा. पंचविशीतला, पहिली नोकरी लागलेला माणूस नवी गाडी घेत नाही, जुनी घेतो. दहा वर्षांनी त्याला जुन्या बाजारात काय मिळेल ते आज पन्नाशीतला खरेदीदार ठरवतो. ब्रिटनमध्ये किती जणांनी फिएस्टावर गाडी शिकली असेल आणि किती जणांची पहिली गाडी फिएस्टा असेल, याची गणती नाही. त्या पहिल्या गाडीचा झराच वर बंद झाला आहे, आणि खाली पाणी आटलेलं काही वर्षांनी कळेल.

गाडीबाहेरची माणसं

आतापर्यंतच्या हिशेबात कंपनी आली, सरकार आलं, बँक आली, ग्राहक आला. गाडीबाहेर जो आहे तो कुणाच्याच वहीत नाही.

अकराशे किलोची लहान गाडी आणि बावीसशे किलोची जड गाडी समोरासमोर येऊन धडकल्या असं धरू. दोघींचा वेग ताशी ५० किलोमीटर. धडकेनंतर दोन्ही एकमेकींत अडकून जड गाडीच्या दिशेने ताशी सुमारे १७ किलोमीटरने सरकतात. जड गाडीतल्या माणसाचा वेग ५० वरून १७ वर येतो, म्हणजे ३३ चा धक्का. लहान गाडीतला माणूस एका दिशेने ५० ने जात असतो आणि क्षणार्धात उलट दिशेने १७ ने फेकला जातो. धक्का ६७ चा, बरोबर दुप्पट. एअरबॅगा दोन्हींत सारख्याच आहेत. एकाने विकत घेतलेली सुरक्षितता दुसऱ्याच्या खात्यातून वळती झालेली असते, आणि मग तो दुसराही पुढच्या वेळी जड गाडी घेतो. ही चढाओढ थांबवणं एकट्यादुकट्या ग्राहकाच्या हातात नाही.

पायी चालणाऱ्याला तर चढाओढीत उतरण्याचीही सोय नाही. अमेरिकेतल्या रस्तासुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या गाड्यांच्या बॉनेटची पुढची कड ४० इंचांहून उंच आहे, त्यांच्या धडकेत पादचारी मरण्याची शक्यता ३० इंचांच्या आतल्या उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त आढळली. बसकी गाडी पायांना लागते आणि माणूस बॉनेटवर पडतो. उंच गाडी छातीला किंवा डोक्याला लागते आणि माणूस खाली, चाकांसमोर पडतो. लहान मुलाच्या बाबतीत या दोन वाक्यांमधलं अंतर किती, ते प्रत्येकाने आपल्या घरातल्या मुलाची उंची आठवून बघावं. प्यूमा त्या ४० इंचांच्या जवळपासही नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. पण सगळ्याच वर्गांचं नाक थोडंथोडं वर चाललं आहे आणि प्यूमा त्या वाटेवरची मधली पायरी आहे.

रस्ते आणि पार्किंगच्या चौकटी मात्र वाढत नाहीत. ब्रिटनमध्ये पार्किंगची नेहमीची चौकट २.४ मीटर रुंद असते. ओळीने पहिल्या पिढीच्या फिएस्टा लावल्या तर दोन गाड्यांमध्ये ८३ सेंटिमीटर उरायचे, दार अर्धं उघडून मुलाला कडेवर घेऊन बाहेर येता यायचं. प्यूमांच्या ओळीत ६० उरतात. त्यातून बाहेर पडताना पोट आत घ्यावं लागतं, आणि आरसे यात धरलेले नाहीत. ‘ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायर्न्मेंट’ या युरोपीय संस्थेच्या मोजणीप्रमाणे तिथल्या नव्या गाड्यांची सरासरी रुंदी २०१८ मध्ये १७७.८ सेंटिमीटर होती, २०२३ च्या पहिल्या सहामाहीत १८०.३ झाली. वर्षाला अर्धा सेंटिमीटर. एवढ्याशा वाढीची कुणाला जाणीव होत नाही, म्हणूनच ती थांबत नाही.

दुसरा मार्ग होता का

फोर्डचं समर्थन करणारे म्हणतात, पर्यायच नव्हता. हे मला पटत नाही, आणि त्याचं कारण रुमानियातच आहे. २०२४ मध्ये युरोपात सगळ्यात जास्त खपलेली गाडी रेनोच्या मालकीच्या डासिया कंपनीची सँडेरो होती. ४.०९ मीटर लांबीची, पाच दारांची, साधी हॅचबॅक. म्हणजे फिएस्टाच्याच मापाची. ती रुमानियात आणि मोरोक्कोत बनते, आणि मुख्य म्हणजे तिचा सांगाडा रेनोच्या क्लिओ आणि कॅप्चरबरोबर, निसानच्या ज्यूकबरोबर वाटून घेतलेला आहे. चार-पाच मॉडेलांनी मिळून खर्च उचलला की लहान गाडी परवडते. प्युजो २०८ आणि ओपेल कोर्सा याच तत्त्वावर टिकून आहेत. फोर्डने आपला भागीदार दहा वर्षं आधी सोडला होता. २०२२ साली फिएस्टा परवडत नव्हती हे खरं असेल, पण ती न परवडण्याची व्यवस्था बऱ्याच आधी झाली होती.

नियम लिहिणाऱ्यांपुढेही नमुने होते. जपानमध्ये ‘केई’ वर्गाची गाडी ३.४ मीटरपेक्षा लांब, १.४८ मीटरपेक्षा रुंद असू शकत नाही आणि इंजिन ६६० सीसीच्या आत लागतं. बदल्यात कर कमी. तिथे विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, या वर्गातला असतो. जपानी ग्राहकाला मोठेपणाची हौस नाही असं थोडंच आहे! लहान राहण्याचा फायदा तिथे कागदावर लिहून ठेवला आहे, एवढंच. फ्रान्सने २०२२ पासून १,८०० किलोंच्या वरच्या गाड्यांवर किलोमागे कर लावला आणि ती मर्यादा पुढे खाली आणत नेली. पॅरिसने फेब्रुवारी २०२४ मध्ये मतदान घेऊन बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांचं पार्किंग मध्य भागात तासाला १८ युरो केलं. मला या उपायांत सगळ्यात पटतो तो वजनावरचा कर, कारण तो कंपनीच्या हिशेबात थेट शिरतो. पार्किंगचं शुल्क गाडी विकली गेल्यानंतर लागतं, तोवर उशीर झालेला असतो.

नंतर काय झालं

कोलोनचा कारखाना फिएस्टा थांबवून विद्युत गाड्यांसाठी नव्याने सज्ज करण्यात आला. त्यासाठी दोन अब्ज डॉलर घातले. तिथे २०२४ मध्ये सुरू झालेली एक्सप्लोरर ही विद्युत गाडी ४.४७ मीटर लांब आहे आणि फोक्सवॅगनकडून घेतलेल्या सांगाड्यावर उभी आहे. ती अपेक्षेइतकी खपली नाही. मे २०२५ मध्ये त्या कारखान्यात नोकऱ्या वाचवण्यासाठी संप झाला. सप्टेंबरमध्ये कंपनीने जाहीर केलं की जानेवारी २०२६ पासून तिथे एकच पाळी चालेल आणि आणखी हजारभर नोकऱ्या जातील. फिएस्टा राहिली असती तर हे सगळं टळलं असतं असं मी म्हणणार नाही. पण दर गाडीमागचा नफा वाढवून कारखाना वाचतो, हा जो भरवसा त्या निर्णयामागे होता, तो कोलोनच्या कामगारांच्या तरी पदरात पडला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये जर्मनीतल्याच झारलुई इथे फिएस्टाची मोठी बहीण असलेली शेवटची फोकसही बनून गेली. फोर्डची युरोपातली सगळ्यात लहान घरगुती गाडी आता प्यूमा आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये दोन गोष्टी एकामागोमाग घडल्या. फोर्डने रेनोशी करार केला. रेनोच्या सांगाड्यावर, फ्रान्सच्या उत्तरेला रेनोच्याच कारखान्यांत, फोर्डच्या नावाच्या दोन लहान विद्युत गाड्या बनणार आहेत आणि त्यातली पहिली २०२८ च्या सुरुवातीला दुकानात येणार आहे. माझदाला सोडल्यापासून जी जोडी नव्हती, ती शेवटी शोधावी लागली. आणि त्याच महिन्यात युरोपीय आयोगाने लहान विद्युत गाड्यांचा स्वतंत्र वर्ग करून त्यांना सवलती देण्याचा प्रस्ताव मांडला. त्या प्रस्तावात ‘लहान’ गाडीची कमाल लांबी ४.२ मीटर धरली आहे. १९७६ च्या फिएस्टापेक्षा ही मर्यादा ६३ सेंटिमीटरने जास्त आहे, आणि प्यूमाच्या ४.१९ मीटरच्या अगदी लागून. प्रत्येक कंपनी आता ४.१९ मीटरचीच गाडी आखेल की कुणी ३.६० मीटरचीही, हे त्या एका आकड्याच्या आत अजून काही पायऱ्या ठेवल्या जातात का यावर अवलंबून आहे.